तीन हाडांचं यंत्र

विहिरीत बुडी मारलेल्याला काठावरच्यांच्या हाका जवळजवळ ऐकूच येत नाहीत. हवेतून आलेल्या ध्वनीच्या ऊर्जेतला जेमतेम हजारावा भाग पाण्यात उतरतो, बाकीची पृष्ठभागावरूनच माघारी फिरते. आपल्या कानातही हीच अडचण आहे. ऐकण्याच्या पेशी आंतरकर्णातल्या शंखाकृती नळीत, द्रवात बुडालेल्या असतात आणि आवाज येतो हवेतून. या दोहोंचा मेळ घालण्याचं काम पडद्यामागच्या एका लहानशा पोकळीकडे आहे. ती म्हणजे मध्यकर्ण.

कानशिलाच्या हाडातली ही पोकळी सुमारे १५ मिलिमीटर उंच आहे, पण मधोमध तिची रुंदी अवघी २ मिलिमीटर भरते. एवढ्याशा जागेत हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं बारीक अस्थिबंधांच्या आधाराने तोललेली असतात. हातोडीचा दांडा पडद्यातच रुतलेला असतो आणि तिचं डोकं ऐरणीला भिडलेलं असतं. ऐरणीचा लांब पाय रिकिबीला जोडलेला, तर रिकिबीचा तळ आंतरकर्णाच्या लंबगोल खिडकीत बसवलेला. रिकीब हे शरीरातलं सर्वांत लहान हाड. उंची सुमारे ३ मिलिमीटर, वजनही ३ मिलिग्रॅमच्या आसपास. मूल जन्माला येतं तेव्हाच ही तिन्ही हाडं मोठ्या माणसाच्या हाडांएवढी झालेली असतात.

आता त्यांचं काम पाहू. पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर आणि रिकिबीचा तळ ३.२ चौरस मिलिमीटर. मोठ्या पडद्यावरचं बल लहान तळावर एकवटतं, त्यामुळे दाब सुमारे १७ पट होतो. शिवाय हातोडीचा दांडा ऐरणीच्या पायापेक्षा लांब असल्याने तरफेचा आणखी १.३ पट लाभ मिळतो. दोन्ही मिळून दाब २२ पटींच्या घरात जातो आणि द्रवाच्या काठावर वाया गेला असता तो आवाज बराचसा आत पोहोचतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून रिकीब आत गेली की शेजारच्या गोल खिडकीचा पातळ पडदा बाहेर फुगतो. अगदी हळू आवाजाला कानाचा पडदा हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाहूनही कमी हलतो. तेवढी हालचालही ही साखळी पुढे पोहोचवते.

पडदा मोकळेपणाने हलायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा हवा. त्यासाठी घशाच्या मागच्या भागापासून मध्यकर्णापर्यंत एक नळी जाते. घाटात किंवा विमानात कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते ही नळी उघडल्यामुळे. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दी झाली की त्यांचे कान लवकर बिघडतात. रिकिबीला एक चिमुकला स्नायूही जोडलेला आहे. मोठा आवाज आला की तो तिला आवरून धरतो. मात्र हे व्हायला क्षणाचा काही अंश लागतो आणि सुतळी बॉम्बचा दणका त्याआधीच आत गेलेला असतो.

या हाडांचा पूर्वेतिहास तर थक्क करणारा आहे. हातोडी आणि ऐरण ही सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याच्या सांध्यातल्या हाडांशी नातं सांगतात, हे जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल रायशर्ट यांनी १८३७ साली भ्रूणांच्या अभ्यासातून दाखवलं. पुढे जीवाश्मांनीही त्याला पुष्टी दिली. सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांमध्ये जबड्याचा नवा सांधा तयार झाला आणि जुन्या सांध्याची हाडं लहान होत होत कानाच्या कामाला लागली. घास चावणारी हाडं अशी ऐकण्याची झाली.

ही सारी रचना यांत्रिक असल्यामुळे तिच्यातले बरेच दोष दुरुस्त करता येतात. दोष यंत्रात आहे की आत नसेत, हे डॉक्टर नादकाट्याने ओळखतात. कानासमोर धरलेल्या काट्यापेक्षा कानामागच्या हाडावर टेकवलेला काटा मोठा ऐकू आला, तर अडथळा बाह्य किंवा मध्यकर्णात. ओटोस्क्लेरोसिस या विकारात रिकीब खिडकीतच जखडते. १९५६ साली अमेरिकेतले डॉ. जॉन शे यांनी अशी रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसवली. आज ही शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली नित्य होते. फाटलेला पडदाही रुग्णाच्याच स्नायूवरच्या पातळ आवरणाने सांधता येतो.

आपल्याकडे या यंत्राचा मोठा शत्रू म्हणजे वाहता कान. ‘लहानपणी फुटतोच कान’ म्हणून तो वर्षानुवर्षं तसाच वाहू दिला जातो, नाहीतर त्यात कोमट तेल सोडलं जातं. ऐरणीच्या लांब पायाला रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने दीर्घ संसर्गात बहुधा तोच आधी झिजतो आणि साखळी तुटते. काही वेळा मध्यकर्णात त्वचेचे थर साचत जाऊन हाड पोखरलं जातं. ते तसंच राहिलं तर संसर्ग मेंदूपर्यंतही जाऊ शकतो. म्हणून घरात कुणाचा कान वाहत असेल, तर त्यात तेल किंवा पाणी जाऊ देऊ नका, काडी घालू नका आणि विनाविलंब कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. वर्गात लक्ष न देणाऱ्या मुलाला रागावण्याआधी त्याची श्रवणचाचणी करून घ्या.