१०८ चा खर्च कोण भरतं?

पुण्यात रुग्णवाहिकेचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘एवढा मिळकतकर भरतो, मग महापालिकेची गाडी वेळेवर का येत नाही?’ आणि ‘१०८ होय, ती तर कंपनीची आहे.’ बोलणाऱ्यांचा संताप खरा असतो, कारण घरातल्या कुणाच्या तरी जिवावर बेतलेलं असताना त्यांनी वाट पाहिलेली असते. पण त्यांचा राग भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. तातडीच्या सेवेचा पैसा कोणत्या तिजोरीतून येतो हे माहीत नसलं की जाब विचारायचा तो नेमका ज्याचा संबंध नाही त्याला विचारला जातो, आणि ज्याने उत्तर द्यायचं तो सुटतो.

‘१०८ महापालिकेची आहे’

नाही. १०८ क्रमांकाची ‘महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा’ ही राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची योजना आहे. जानेवारी २०१४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा राज्यभरासाठी ९३७ गाड्या ठरल्या होत्या. त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या, म्हणजे व्हेंटिलेटर आणि हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र असलेल्या. उरलेल्या ७०४ मूलभूत सुविधांच्या. अनेक राज्यांत गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो, महाराष्ट्राने गाडीत डॉक्टर ठेवला. पैसा येतो तो राज्याच्या अर्थसंकल्पातून आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातून. या अभियानात महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. आपल्या मिळकतकराचा या हिशेबाशी संबंध नाही.

पुण्याचा संबंध आहे तो वेगळाच. या सेवेचा नियंत्रण कक्ष औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारात उभा राहिला. गडचिरोलीत सर्पदंश होवो की कोकणात घाटात गाडी उलटो, फोन औंधला वाजतो. म्हणूनच सदाशिव पेठेतून फोन करणाऱ्यालाही आधी ठिकाण, जवळची खूण, रुग्णाचं वय, शुद्ध आहे का, श्वास चालू आहे का असे प्रश्न विचारले जातात. ‘अहो, आधी गाडी पाठवा ना!’ असं ओरडून फोन ठेवणाऱ्याचं मन समजतं. पण कोणती गाडी पाठवायची हे त्या उत्तरांवरच ठरतं.

मग महापालिकेचं काय? राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरांच्या कारभाराकडे सोपवायचे विषय दिले आहेत. त्यात अग्निशमन स्पष्ट शब्दांत आहे. सार्वजनिक आरोग्यही आहे, पण रुग्णवाहिका सेवेचं नाव नाही. आग लागली तर १०१ वर महापालिकेचं अग्निशमन दल येतं आणि ते आलं नाही तर आयुक्तांना विचारता येतं. छातीत कळ आली तर मात्र राज्याची गाडी येते. महापालिकेच्या स्वतःच्या रुग्णवाहिका आहेत, पण शहरभर तातडीची सेवा देणारी यंत्रणा म्हणून भिस्त आहे ती १०८ वरच.

गुंतागुंत इथे संपत नाही. गाडी सार्वजनिक आरोग्य विभागाची. ती ससूनला गेली तर ते रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, मंगळवार पेठेतल्या कमला नेहरूला गेली तर महापालिकेचं. अपघात नवले पुलाजवळ महामार्गावर झाला असेल तर रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा आणि त्यांचा मदत क्रमांक १०३३. एकाच रुग्णाच्या एका फेरीत तीन-चार खाती आणि तेवढीच अंदाजपत्रकं येतात. ससूनच्या अपघात विभागात स्ट्रेचर मोकळं नसलं तर १०८ ची गाडी दारात अडकते आणि पुढच्या फोनला उशीर होतो. तो उशीर १०८ च्या नावावर लागतो, कारण मात्र दुसऱ्या खात्यात असतं. शहराच्या हद्दीचंही तसंच. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली; शहराचं क्षेत्रफळ राज्यात सर्वांत मोठं झालं. हद्द वाढवण्याचा निर्णय एका फटक्यात होतो. त्या नव्या हद्दीत रुग्णवाहिका कुठे उभ्या राहतील हे मात्र दुसऱ्याच खात्याने ठरवायचं असतं.

‘ती कंपनीची आहे’

गाडी चालवतो तो ठेकेदार, पैसा सरकारचा. २०१४ पासून हे काम पिंपरी-चिंचवडच्या बीव्हीजी इंडियाकडे होतं. २०२४ मध्ये सुमीत फॅसिलिटीज, स्पेनची एसएसजी आणि बीव्हीजी यांच्या समूहाला नवं काम मिळालं. त्यात गाड्यांची संख्या १,७५६ धरली आहे, नवजात बाळांसाठीच्या गाड्या, दुचाकी आणि बोटीसुद्धा. निविदेवरून वाद झाला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. असा वाद होणं मला वाईट वाटत नाही. सेवा खासगी असती तर आपण फक्त गिऱ्हाईक असतो. पैसा सार्वजनिक आहे म्हणूनच दर किती, गाडी बंद राहिली तर दंड किती, किती मिनिटांत पोचायचं ठरलंय हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि माहिती अधिकाराचा अर्ज त्यासाठीच आहे.

खरी कंपनीची, म्हणजे रुग्णाकडून पैसे घेऊन चालणारी सेवाही महाराष्ट्राने पाहिली आहे. मुंबईत २००५ मध्ये १२९८ या क्रमांकाची सेवा सुरू झाली, तेव्हा मोठ्या खासगी रुग्णालयात जाणाऱ्याकडून जास्त आणि सरकारी रुग्णालयात जाणाऱ्याकडून कमी पैसे घेऊन खर्च भागवायचा, अशी कल्पना होती. कल्पना चांगली होती आणि अनेकांचे जीव वाचले. पण त्याच वर्षी हैदराबादेत १०८ सुरू झाली ती वेगळ्या तत्त्वावर: खर्च सरकारचा, रुग्णाला बिल नाही. पुढे बहुतेक राज्यांनी हीच वाट धरली आणि महाराष्ट्रानेही. म्हणून १०८ च्या गाडीत बसताना उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आधार कार्ड लागत नाही आणि कुणाला एक रुपयाही द्यायचा नसतो.

‘गाड्या दान झाल्या की प्रश्न सुटला’

हा गैरसमज सर्वांत सद्भावनेचा आहे आणि सर्वांत महागात पडणारा. पुण्यात मंडळांच्या रुग्णवाहिकांची परंपरा आहे. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर ढोल थांबतात, माणसं दोन्ही बाजूंना सरकतात आणि एवढ्या गर्दीतून रुग्णवाहिकेला वाट मिळते, ही या शहराची अभिमानाची गोष्ट आहे. मंडळं गाडी घेतात, देणगीदार देतात. खासदाराला वर्षाला मिळणाऱ्या ५ कोटींच्या स्थानिक विकास निधीतूनही रुग्णवाहिका घेता येते. लोकार्पण होतं, नारळ फुटतो, गाडीवर नाव झळकतं.

दुसऱ्या दिवसापासून गाडीला चालक लागतो. खासदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. त्यातून पगार आणि डिझेल भागवता येत नाही. महापालिकेच्या अंदाजपत्रकातही भांडवली आणि महसुली अशी दोन खाती असतात. गाडी भांडवलीत बसते, तिचा रोजचा श्वास महसुलीत. नगरसेवकांच्या प्रभागातल्या कामांसाठीच्या ‘स यादी’तून बाकं, पाट्या आणि पिशव्या घेऊन झाल्यावर महसुली तरतुदीसाठी भांडणारा नगरसेवक क्वचित दिसतो, कारण पगाराच्या रकमेवर कुणाचं नाव रंगवता येत नाही.

साधा हिशेब करून पाहा. आठवड्यात १६८ तास असतात. एका माणसाने आठवड्याला ४८ तास काम केलं, तर एकच खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. गाडीत चालक आणि डॉक्टर अशा दोन खुर्च्या, म्हणजे सात माणसं. आजारपण, रजा, सणवार धरले तर आठ-नऊ. १०८ वाले चालकाला ‘पायलट’ म्हणतात. रात्री तीनला तो पायलट जागा असतो, सिलिंडरवरचा काटा बघितलेला असतो, सक्शन यंत्र चार्ज असतं, औषधांची मुदत तपासलेली असते. एखाद्या रात्री एकही फोन येत नाही, तरी त्या रात्रीचा खर्च पूर्ण होतो. ‘गाडी नुसती उभी असते, कशाला पैसे द्यायचे?’ असं लेखापरीक्षकाच्या भाषेत विचारणारे भेटतात. त्यांना सांगावंसं वाटतं की आपण पैसे देतो ते त्या उभं राहण्याचेच. अग्निशमन केंद्राला आपण आगी मोजून पैसे देत नाही.

गाडीवर ‘रुग्णवाहिका’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नये, असं आणखी एका कारणासाठी वाटतं. ‘एआयएस १२५’ या मानकाप्रमाणे रुग्णवाहिकांचे अ, ब, क, ड असे चार प्रकार आहेत. ‘ब’ प्रकारची गाडी रुग्णाला एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्यापुरती असते, जीवरक्षक उपचार ‘क’ आणि ‘ड’मध्ये होतात. दिवा आणि सायरन मात्र सगळ्यांनाच. दान मिळालेल्या बहुतेक गाड्या नेण्या-आणण्याच्या असतात. डायलिसिसला जाणाऱ्या रुग्णाला त्यांचा मोठा आधार होतो, पण हृदय बंद पडलेल्या माणसासाठी त्या पुरेशा नाहीत.

‘आधी डिपॉझिट, मग उपचार, हा खासगी रुग्णालयाचा हक्कच आहे’

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने गर्भवती महिलेच्या कुटुंबाकडे १० लाखांची अनामत रक्कम मागितल्याचा आरोप झाला. ती पुढे दगावली, जुळ्या मुली मागे राहिल्या. चौकशा झाल्या, शहर हळहळलं. त्या दिवसांत मला सर्वांत जास्त खुपलं ते अनेक सुशिक्षित लोकांचं म्हणणं: ‘खासगी आहे, पैसे मागणारच.’

कायदा असं म्हणत नाही. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जखमीचा जीव वाचवणं हे सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या खेत मजदूर समितीच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. रेल्वेतून पडलेल्या हकीम शेख या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं होतं. तातडीचे उपचार न मिळणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असा तो निकाल आहे. निधीवरच्या प्रत्येक चर्चेत तो समोर ठेवावा असं मला वाटतं.

महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. अत्यवस्थ रुग्ण आला तर पैशाची अट न घालता त्याला तपासणं आणि प्राथमिक जीवरक्षक उपचार देणं रुग्णालयांवर बंधनकारक झालं. धर्मादाय रुग्णालयांची जबाबदारी याहून मोठी. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे त्यांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखायच्या, बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची आणि तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून स्थिर करायचं. करसवलत किंवा जमीन या रूपाने जनतेने आधीच हात सैल केलेला असतो, म्हणजे हाही सार्वजनिक निधीच आहे. त्याचा आकडा कुठल्या अंदाजपत्रकात दिसत नाही, इतकंच.

‘अपघातग्रस्ताला नेलं तर मागे लचांड लागतं’

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही आणि नाव-पत्ता द्यायची सक्तीही करता येत नाही. आणि उपचाराच्या पैशाचं म्हणाल, तर मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला दीड लाख रुपयांपर्यंत, अपघातापासून सात दिवसांपर्यंत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना लागू आहे. ठोकणाऱ्या गाडीचा विमा असेल तर पैसा विमा कंपन्यांच्या हिश्श्यातून, नसेल किंवा गाडी पळून गेली असेल तर केंद्राच्या निधीतून.

अपघात विभागाच्या खिडकीवर कुणी आधी पैसे मागितलेच तर ‘तातडीचा रुग्ण आहे, आधी स्थिर करा’ एवढं ठामपणे म्हणावं आणि नकार लेखी मागावा. शहरातल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी महापालिकेचा आरोग्य विभाग करतो, तेव्हा तक्रार तिथे. रुग्णालय धर्मादाय असेल तर पुण्याच्या धर्मादाय सहआयुक्तांकडेही. आणि १०८ ची गाडी आली नसेल, तर दाद मागायची ती राज्याच्या आरोग्य विभागाकडे, म्हणजेच आपल्या भागाच्या आमदाराकडेही.