मोबाइलवरचा ई-मेल : पत्र राहते कुठे, किल्ली असते कोणाकडे?

महाराष्ट्रात उंद्री नावाची एकाहून अधिक ठिकाणे आहेत. एक उंद्री पुण्याच्या दक्षिणेला, गृहसंकुलांनी वेढलेली. दुसरी बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात. पाकिटावर नुसते 'उंद्री' असे लिहिले, तर पत्र कोणत्या उंद्रीला न्यावे हा प्रश्न टपाल खात्याला पडणारच. हा गोंधळ टाळण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी केली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने. ते संस्कृतचे मोठे पंडितही होते. पुण्याचा पिनकोड ४११ ने सुरू होतो, तर चिखलीचा ४४३ ने. पहिल्या तीन आकड्यांतच पत्राची दिशा ठरते.

ई-मेलच्या पत्त्यात हेच काम 'ॲट' या चिन्हानंतरचा भाग करतो. चिन्हाच्या आधी व्यक्तीचे नाव आणि नंतर तिचे टपाल स्वीकारणाऱ्या सर्व्हरचे ठिकाण, अशी ही रचना आहे. रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने १९७१ मध्ये ती रूढ केली. ती आजही कायम आहे.

आज चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावात अनेक घरांचा पहिला आणि एकमेव संगणक म्हणजे मोबाइल. परीक्षेचा अर्ज, बँकेचे विवरणपत्र, नोकरीसाठीचा पत्रव्यवहार, सारे ई-मेलच्या पत्त्याशी जोडलेले असते. हा पत्ता पुष्कळदा मोबाइल विक्रेता, सेवा केंद्राचा चालक किंवा पुण्या-मुंबईत राहणारा मुलगा घाईघाईने उघडून देतो. त्या पाच मिनिटांत दोन महत्त्वाचे निर्णय नकळत होऊन जातात : आलेली पत्रे कुठे साठणार आणि खात्याची किल्ली कोणाच्या हाती राहणार. फोन हरवतो किंवा बिघडतो, तेव्हा या दोन निर्णयांचे परिणाम कळतात.

येणारे आणि जाणारे टपाल

मोबाइल रात्री बंद असतो, रेंजबाहेर जातो, त्याची बॅटरी संपते. अशा यंत्राने पत्रे थेट स्वीकारायची ठरवली, तर निम्मी परत जातील. म्हणून सदैव चालू असणारा मेल सर्व्हर हे काम करतो. तो गावच्या पोस्ट ऑफिससारखा आहे. पत्र तिथे येऊन पडते आणि फोनला सवड मिळेल तेव्हा तो ते पाहतो. पाठवणाऱ्याला पलीकडचा सर्व्हरच सापडला नाही, तरी त्याचा सर्व्हर लगेच हार मानत नाही. साधारणपणे चार-पाच दिवस अधूनमधून प्रयत्न करत राहतो.

मोबाइलमध्ये खाते जोडताना दोन सर्व्हरची नावे विचारली जातात, ती यामुळेच. 'इनकमिंग सर्व्हर' म्हणजे येणारे टपाल जिथून घ्यायचे ती जागा, आणि 'आउटगोइंग सर्व्हर' म्हणजे जाणारे टपाल जिथे द्यायचे ती जागा. पत्रे येतात पण जात नाहीत, अशी तक्रार असेल तर चूक बहुधा दुसऱ्या भागात असते. पत्र पाठवण्याचा नियम 'एसएमटीपी' या नावाने ओळखला जातो. त्याचा मूळ मसुदा १९८२ चा आहे.

पॉप की आयमॅप?

येणाऱ्या टपालासाठी फोन 'पॉप-३' आणि 'आयमॅप' असे दोन पर्याय देतो. खरी निवड इथेच आहे.

पॉप हा प्रकार १९८४ मध्ये पुढे आला. संगणक मोजके होते, टेलिफोनच्या तारेवरून जोडणी होई आणि दर मिनिटाचे पैसे पडत. झटकन जोडावे, सारी पत्रे आपल्या संगणकावर उतरवावीत आणि जोडणी तोडावी, असा तो हिशेब होता. पत्रे उतरली की सर्व्हरवरील प्रत पुसून टाकणे हा त्याचाच भाग. पोस्ट ऑफिसातून टपाल घरी आणावे, तसे हे झाले. घराला आग लागली तर टपालही जाते. पोस्टात त्याची प्रत नसते.

आयमॅपची कल्पना अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये मांडली. यात मूळ पत्र सर्व्हरवरच राहते, फोन त्याची प्रत दाखवतो. वाचलेले पत्र सर्वत्र वाचलेले दिसते आणि पाठवलेले पत्र दुसऱ्या संगणकावरही सापडते. फोन विहिरीत पडला तरी नव्या फोनवर खाते जोडताच सारी पत्रे पुन्हा समोर येतात. मात्र एक सावधगिरी हवी. जागा मोकळी करण्यासाठी फोनमधून पत्र पुसले, तर ते सर्व्हरवरूनही जाते. जागाच हवी असेल तर पत्रे न पुसता फोनमधून खाते काढून टाकावे. मूळ पत्रांना धक्का लागत नाही.

मोबाइल हे हरवणारे, फुटणारे आणि दर काही वर्षांनी बदलणारे यंत्र आहे. त्यामुळे मोबाइलवर आयमॅपच घ्यावे. काही कारणाने पॉप वापरणे भाग पडले, तर 'सर्व्हरवर प्रत ठेवा' या अर्थाचा पर्याय चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

रकाने भरताना

जीमेल, याहू, आउटलुक यांसारख्या मोठ्या सेवांची माहिती फोनला आधीच असते. पत्ता आणि पासवर्ड दिला की बाकीचे तो स्वतः भरतो. महाविद्यालय, पतसंस्था किंवा छोट्या उद्योगाचा स्वतःच्या नावाचा पत्ता असेल, तर मात्र 'मॅन्युअल सेटअप' करावा लागतो. त्यासाठी संस्थेच्या संगणक विभागाकडून दोन्ही सर्व्हरची नावे अचूक लिहून घ्यावीत. एक टिंब चुकले तरी पत्ता बदलतो.

'युजरनेम'च्या रकान्यात बहुतेक ठिकाणी संपूर्ण ई-मेल पत्ता लागतो. नुसते नाव दिल्याने खाते न जोडले जाणे, ही नेहमीची चूक आहे. 'पोर्ट' म्हणजे सर्व्हरच्या इमारतीतील खिडकीचा क्रमांक. सुरक्षित आयमॅपसाठी ९९३ आणि सुरक्षित पॉपसाठी ९९५ हे क्रमांक रूढ आहेत. पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७ वापरतात. हे आकडे फोनमध्ये इंग्रजी अंकांत टाकावेत. 'सिक्युरिटी'च्या रकान्यात ९९३, ९९५ आणि ४६५ साठी 'एसएसएल' किंवा 'टीएलएस', तर ५८७ साठी 'स्टार्ट-टीएलएस' निवडावे. 'नन' हा पर्याय कधीही घेऊ नये. त्यात पासवर्ड उघड्या पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा प्रवास करतो. आउटगोइंग सर्व्हरलाही पासवर्ड द्यावा लागतो, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.

पासवर्ड बरोबर, तरी प्रवेश नाही

जुन्या फोनवर वर्षानुवर्षे चाललेला ई-मेल एक दिवस बंद पडतो. पासवर्ड बरोबर असूनही फोन तो चुकीचा ठरवतो. वापरणारा पुन्हा पुन्हा पासवर्ड बदलतो आणि शेवटी खातेच कुलूपबंद होते. याचे कारण बहुधा वेगळे असते. निव्वळ पासवर्डवर जुन्या ॲपना प्रवेश देण्याची पद्धत मोठ्या सेवांनी थांबवली आहे. गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी ती ३० मे २०२२ पासून बंद केली, तर मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. आता ॲप आपल्याला थेट त्या सेवेच्या पानावर नेते, तिथे ओळख पटवली जाते आणि ॲपला पासवर्ड न कळता परवानगी मिळते. ही पद्धत जुन्या ॲपना येत नाही.

अशा वेळी ॲप अद्ययावत करणे किंवा त्या सेवेचे स्वतःचे ॲप घेणे हा सरळ उपाय. गुगलच्या बाबतीत द्विस्तरीय पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा वेगळा 'ॲप पासवर्ड' काढता येतो. जुन्या ॲपमध्ये तो नेहमीच्या पासवर्डऐवजी टाकावा.

पत्र येत नाही, तेव्हा

खाते जोडलेले असूनही पत्र दिसत नसेल, तर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, 'सिंक'ची मुदत. अनेक ॲप केवळ अलीकडच्या काही दिवसांची पत्रे उतरवतात. जुनी पत्रे गेलेली नसतात, सर्व्हरवर असतात. दुसरी, बॅटरी आणि डेटा बचतीची सोय. ती ॲपला झोपवून ठेवते आणि पत्र आल्याची सूचना मिळत नाही. तिसरी, जागा. गुगलच्या मोफत खात्यातील जागा ई-मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून असते. लग्नाच्या व्हिडिओंनी ती भरली की महत्त्वाचे पत्रही पाठवणाऱ्याकडे परत जाऊ शकते.

खाते कोणाचे?

आता किल्लीचा प्रश्न. पासवर्ड विसरल्यास खाते परत मिळते ते 'रिकव्हरी'साठी दिलेल्या मोबाइल क्रमांकाच्या किंवा दुसऱ्या ई-मेलच्या आधारे. तिथे दुकानदाराचा क्रमांक असेल, तर व्यवहारात खाते त्याच्या हाती जाते. तो प्रामाणिक असला तरी त्याचे सिम बदलू शकते, आणि बंद पडलेला क्रमांक काही काळाने कंपनी दुसऱ्याच ग्राहकाला देते. शिवाय २०१५ मधील अँड्रॉइड ५.१ पासून फोनमधील गुगल खाते फोनचे कुलूपही झाले आहे. पडद्याचे कुलूप विसरल्यामुळे फोन रीसेट केला, तर तो आधीच्या खात्याचा पासवर्ड मागू शकतो. खाते दुसऱ्याने उघडून दिले असेल आणि पासवर्ड ठाऊक नसेल, तर स्वतःचाच फोन आपल्याला दाराबाहेर उभा करतो.

म्हणून पासवर्ड वापरणाऱ्यानेच ठरवावा. रिकव्हरीचा क्रमांक घरातील चालू सिमचा असावा. द्विस्तरीय पडताळणीसोबत मिळणारे 'बॅकअप कोड' वहीत लिहून जमिनीच्या कागदपत्रांइतकेच जपून ठेवावेत. पुण्यात बसून उंद्रीतील वडिलांचा फोन लावून देणाऱ्या मुलाने पायऱ्या फोनवरून सांगाव्यात. आलेला ओटीपी मात्र वडिलांनी स्वतःच टाकावा. ओटीपी फोनवरून सांगण्याची सवय एकदा लागली, की भामट्याचे काम सोपे होते. खाते अधूनमधून उघडणेही आवश्यक आहे. सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गुगल काढून टाकू शकते. ही कारवाई डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली.

सारे जोडून झाल्यावर दुसऱ्या पत्त्यावरून एक पत्र पाठवावे, त्याला फोनवरून उत्तर द्यावे आणि ते पोहोचल्याचे पाहावे. दोन्ही बाजूंचे टपाल चालू असल्याची ही पडताळणी. मग एखाद्या संगणकावर तेच खाते उघडून पत्र तिथेही दिसते का, ते तपासावे. दिसले, तर फोन हरवला तरी पत्रव्यवहार शाबूत राहील.