ट्युनिस बंदर: जहाजाची सहल न घेता आपलं आपण

भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर बोललो, त्यानंतर इंदूर, बडोदा, हुबळी, हैदराबाद अशा सगळीकडून एकच प्रश्न आला. जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागलं की आपलं आपण उतरून फिरता येतं का, की जहाजाची महागडी सहलच घ्यावी लागते? विचारणारे बहुतेक आमच्यासारखेच निवृत्त, नवरा-बायको दोघंच फिरणारे.

फिरता येतं. आम्ही दोघं ट्युनिसला सप्टेंबरमध्ये तसेच फिरलो. पण आधी हिशेब समजून घ्या.

जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज साधारणपणे तिच्यासाठी थांबतं, कारण सहल त्यांचीच असते. आपण आपले गेलो तर जहाज थांबत नाही. सहलीचे जे जास्तीचे पैसे घेतात, त्यातला बराचसा भाग या हमीचा असतो. इतर देशांच्या प्रवाशाला जहाज चुकलं तर खर्च आणि मनस्ताप होतो. भारतीय पासपोर्टवाल्याला त्याहून जास्त काही होऊ शकतं. इटलीहून ट्युनिसला आलात म्हणजे तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात. परत इटलीत शिरायला अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागतो. तो एकाच प्रवेशाचा असेल, तर ट्युनिसच्या धक्क्यावर मागे राहिलेल्या माणसाला पुढच्या बंदरावर जाऊन जहाज गाठण्याचा रस्ताच उरत नाही. म्हणून बुकिंग करतानाच दोन गोष्टी क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या: व्हिसा अनेक प्रवेशांचा लागेल का, आणि भारतीय पासपोर्टवर ट्युनिसला उतरू देतील का. तोंडी "हो हो, काही प्रॉब्लेम नाही" हे उत्तर धरू नका.

दुसरी गोष्ट घड्याळाची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा धोका हाच आहे. इटली उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करते, ट्युनिशिया करत नाही. मार्चच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत दोन्हीकडच्या वेळेत एक तासाचा फरक असतो. आमचं जहाज इटलीच्या वेळेवरच चालत होतं. सर्वांनी परत यायची वेळ साडेचार, पण ती जहाजाची. गावात त्या वेळी साडेतीन वाजलेले असतात. तुमचा मोबाइल स्थानिक नेटवर्क पकडतो, आपोआप एक तास मागे जातो आणि तुम्हाला काही सांगत नाही. त्या दिवशी चार वाजून तेहतीस मिनिटांनी शिडी काढायची तयारी चालू असताना एक परदेशी जोडपं हातात पिशव्या घेऊन धावत आलं. रात्री जेवताना ते गृहस्थ सांगत होते की त्यांच्या फोनवर साडेतीनच वाजले होते. तासभर हातात आहे म्हणून ते फाटकाजवळच्या दुकानांत रेंगाळले होते. पहारेकऱ्याने हाकललं म्हणून वाचले. माझ्या मनगटावर साधं काट्यांचं घड्याळ असतं. जहाजावर लावलेली वेळ त्यात जहाजावर परतेपर्यंत बदलायची नाही.

आता गाव. जहाज ट्युनिस शहरात लागत नाही, ते ला गुलेतला लागतं. अरबीत या जागेला हल्क-अल-वादी म्हणतात, म्हणजे पाण्याच्या वाटेचा गळा. ट्युनिस शहर एका उथळ खाऱ्या तळ्याच्या पलीकडे आहे आणि समुद्र व तळं जोडणाऱ्या चिंचोळ्या तोंडाशी ला गुलेत. स्पेनच्या पाचव्या चार्ल्सने १५३५ मध्ये हे तोंड घेतलं, १५७४ मध्ये ते उस्मानी तुर्कांनी परत घेतलं. नकाशा पाहिला की कारण कळतं: हा गळा ज्याच्या हातात, त्याच्या हातात ट्युनिस.

इथून एक लोकल गाडी जाते, टीजीएम. ट्युनिस, गुलेत, मार्सा या तीन नावांची आद्याक्षरं. ही लाइन १८७२ मध्ये सुरू झाली. एका टोकाला ट्युनिस शहर, दुसऱ्या टोकाला ला मार्सा, मध्ये ला गुलेत, कार्थेज आणि सिदी बू सईद. गाडी जुनी, खडखडणारी, दारात पोरं लटकलेली. मुंबईकराला घरी आल्यासारखं वाटेल. स्थानकांची नावं वाचली तरी निम्मा इतिहास होतो: सालाम्बो, बिर्सा, हॅनिबल, आणि हॅनिबलच्या वडिलांच्या नावाचं आमिल्कार.

धक्क्यावर उतरलात की टॅक्सीवाले घेरतात आणि युरोमध्ये अख्ख्या दिवसाचा भाव सांगतात. हसून "ला, शुक्रान" म्हणायचं आणि बंदराचं फाटक ओलांडायचं. थोडेच पैसे बदला. दिनार देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे उरलेले जहाजावर निरुपयोगी. एका दिनारचे हजार मिलिम होतात, आणि भाव कधी दिनारमध्ये सांगतात तर कधी मिलिममध्ये. कोणी "पाचशे" म्हटलं तर छातीत धस्स होऊ देऊ नका, तो अर्धा दिनार आहे.

मार्ग ठरवताना मी फौजेतली एक साधी सवय वापरली: सगळ्यात लांबचं ठिकाण आधी करायचं आणि दिवसभर तळाकडे सरकत यायचं. बहुतेक प्रवासी उलट करतात. जवळचं आधी पाहतात आणि दुपारी लांबच्या टोकाला अडकतात. टीजीएम कधी बंद पडेल याची खात्री नाही. सकाळी बंद पडली तर वैताग होतो, दुपारी पडली तर जहाज जातं. म्हणून आम्ही आधी थेट सिदी बू सईदला गेलो.

टेकडीवरचं पांढऱ्या भिंतींचं आणि निळ्या दारांचं हे गाव तुम्ही फोटोत पाहिलेलं असेल. रोदोल्फ देर्लांजे नावाचे एक बॅरन इथे राहायला आले, आणि १९१५ मध्ये गावाचं रूप जपण्याचा सरकारी हुकूम निघाला. तेव्हापासून रंग ठरलेला. ते चित्रकार होते आणि अरबी संगीताचे अभ्यासकही. त्यांच्या वाड्यात आता संगीताचं संग्रहालय आहे. बसगाड्या यायच्या आत, साडेनऊ-दहाला पोहोचलात तर गल्ल्या मोकळ्या मिळतात. पाइनचे दाणे घातलेला पुदिन्याचा चहा प्या आणि तळलेलं गरम बांबालूनी खा. दुकानं मला तरी सगळी सारखीच वाटली. आमच्या हिचं मत वेगळं आहे.

तिथून आमिल्कार स्थानकाजवळच्या अमेरिकन युद्ध-दफनभूमीत गेलो. कोणत्याही सहलीच्या पत्रकात ही जागा मला दिसली नाही. २,८४१ कबरी आणि भिंतीवर ३,७२४ बेपत्ता सैनिकांची नावं. माळी सोडला तर आम्ही दोघंच होतो. ही विचारायला लागली, "अहो, आपली माणसं इथे होती का हो?"

होती. या दफनभूमीत नाहीत, पण या देशात होती. १९४३ मध्ये चौथी भारतीय डिव्हिजन ट्युनिशियात लढली. एप्रिलच्या सुरुवातीला वादी अकारितच्या डोंगरात गुरखा रायफल्सचे सुभेदार लालबहादूर थापा यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच महिन्यात जेबेल गार्सीवर राजपुताना रायफल्सचे हवालदार मेजर छेलू राम जखमी असतानाही दुसऱ्या कंपनीचं नेतृत्व करत पडले, त्यांना तो मरणोत्तर मिळाला. १२ मे १९४३ रोजी जर्मन सेनापती फॉन आर्निम शरण आला तो याच चौथ्या भारतीय डिव्हिजनकडे. ती रणभूमी इथून बरीच दक्षिणेला आहे. एका दिवसाच्या मुक्कामात तिकडे जायचा विचारही करू नका. मलाही मोह झाला होता, पण नकाशावर अंतर मोजलं आणि नकाशाची घडी घातली.

कार्थेजमध्ये एकच तिकीट काढायचं, ते सगळ्या अवशेषांना दिवसभर चालतं. अँटोनाइन स्नानगृहं समुद्रालगत आहेत, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली, रोमन आफ्रिकेतली सर्वांत मोठी. यांचं पाणी झाग्वानच्या डोंगरातून सुमारे १३० किलोमीटरच्या कालव्याने यायचं. शेजारीच राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा आहे. त्या दिशेला कॅमेरा वळवला की पहारेकरी शिट्टी मारतो, आणि ते बरोबरच आहे. ड्रोन तर घरीच ठेवा.

बिर्सा टेकडीवर थोडा वेळ जास्त द्या. इसवी सन पूर्व १४६ मध्ये स्किपिओ एमिलिआनसच्या रोमन सैन्याने कार्थेज पाडलं. अप्पियन हा प्राचीन इतिहासकार लिहितो की बंदराकडून या टेकडीपर्यंतच्या अरुंद रस्त्यांवर सहा-सहा मजली घरं होती आणि सहा दिवस घराघरातून लढाई चालली. पुढे रोमनांनी टेकडीचा माथा कापून सपाट केला आणि ती माती उतारावर लोटली. त्या मातीखाली घरं गाडली गेली आणि त्यामुळेच टिकली. आज तुम्ही त्या घरांच्या भिंतींमधून चालता. रोमनांनी इथे मीठ पेरलं ही गोष्ट गाइड रंगवून सांगतात. प्राचीन लेखकांपैकी कोणीही ती सांगत नाही, ती फार नंतरची आहे. आणि एक गंमत: रोम आणि कार्थेजच्या महापौरांनी १९८५ मध्ये समारंभपूर्वक तहावर सह्या केल्या.

पण मला विचाराल तर कार्थेजचं खरं ठिकाण सालाम्बो स्थानकाजवळची दोन तळी. आमच्या समोर एक गट आला, "एवढंच?" म्हणाला आणि पाच मिनिटांत गेला. दिसायला खरंच काही नाही. बंगले, कोळ्यांच्या चार होड्या, शांत पाणी. पण हेच कार्थेजचं बंदर. बाहेरचं लांबट तळं व्यापारी जहाजांचं. त्याच्या आतलं गोल तळं आरमाराचं, मधोमध बेट, बेटावर सेनापतीचा मनोरा. अप्पियनच्या सांगण्याप्रमाणे समुद्राकडचं तोंड लोखंडी साखळ्यांनी बंद व्हायचं, काठाला आणि बेटाला मिळून २२० जहाजांची सोय होती, आणि मधल्या भिंतींमुळे व्यापाऱ्यांनाही आतलं आरमार दिसत नसे. मनोऱ्यावरून मात्र समुद्र दिसायचा. १९७० च्या दशकात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी बेटावर उत्खनन केलं, तेव्हा जहाजं ओढून घ्यायच्या उतरणी खरोखरच सापडल्या.

आता पुढचं ऐका. वेढ्यात स्किपिओने दगडांचा बांध घालून बंदराचं तोंड बुजवलं. आतल्या लोकांनी, बाया-मुलांसकट, गुपचूप दुसऱ्या बाजूने समुद्रात नवीन तोंड खणलं आणि जुन्या लाकडातून पन्नास मोठी जहाजं बांधली. एका पहाटे ते आरमार बाहेर आलं. रोमन बेसावध होते, त्यांची जहाजं वेढ्याच्या कामात गुंतलेली. त्याच क्षणी हल्ला केला असता तर रोमन आरमार हाती लागलं असतं, असं अप्पियनच म्हणतो. त्यांनी काय केलं? मिरवून दाखवलं आणि परत आत गेले. तिसऱ्या दिवशी लढायला आले, तोवर रोमन तयार होते. त्या काठावर उभं राहून मला हे दोन दिवस कोणत्याही भग्न खांबापेक्षा जास्त दिसले. एवढी मेहनत, एवढी गुप्तता, आणि अचानकपणाचं हत्यार हातात आल्यावर ते म्यान करून ठेवलं! कारण अप्पियनलाही नीट सांगता आलेलं नाही.

सालाम्बोला आमच्या घड्याळात अडीच वाजले होते. स्थानकावर आलो तर गाडी नाही, फलाटावरचे लोक खांदे उडवत होते. जहाज जवळच होतं, म्हणून काळजी नव्हती. पिवळी टॅक्सी केली, मीटर टाकायला सांगितलं, तीन वाजता फाटकावर. टॅक्सीवाल्याने "हिंदी?" विचारलं, मी हो म्हटलं, तर तो हसत सुटला. मग रस्त्याकडेच्या हातगाडीकडे बोट दाखवलं. फड्या निवडुंगाची बोंडं होती. ट्युनिशियात त्या फळाला 'हिंदी' म्हणतात.

सुरक्षिततेबद्दल लपवून ठेवत नाही. मार्च २०१५ मध्ये ट्युनिसच्या बार्दो संग्रहालयावर अतिरेकी हल्ला झाला, त्यात क्रूझचे प्रवासी मारले गेले, आणि नंतर जहाजांनी हे बंदर टाळलं. आता ती परत येतात आणि बंदोबस्त जागोजागी दिसतो. तरी निघण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा. जहाजाच्या दैनिक पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, तो कागदावर लिहून खिशात ठेवा, फोनची बॅटरी संपते. पासपोर्टची प्रत आणि औषधांचा एक दिवसाचा डोसही सोबत असू द्या.

ज्यांना पडक्या भिंतींचा कंटाळा आहे त्यांनी टीजीएम उलट्या दिशेने घ्यावी. तळं ओलांडून ट्युनिस मरीन, तिथून हबीब बुर्गिबा मार्गाने पायी, वाटेत इब्न खल्दूनचा पुतळा. हा थोर इतिहासकार १३३२ मध्ये याच शहरात जन्मला. पुढे बाब अल-बहर ही वेस आणि तिच्या आत जुनं शहर, मदिना. झैतुना मशिदीचे बरेच खांब कार्थेजच्या अवशेषांतून आणलेले आहेत. इतर धर्मीयांना प्रार्थनेच्या दालनात जाता येत नाही. दोन्ही टोकं एका दिवसात करू नका. आणि जहाज रविवारी लागत असेल तर कार्थेजच धरा, मदिनेतली बरीच दुकानं त्या दिवशी बंद असतात.