व्हिस्कीची गोडी लावली ती कुंकळ्ळीच्या 'पॉल जॉन एडिटेड'ने

सिंगल माल्ट म्हणजे स्कॉटलंड, असं मानणाऱ्यांना मी आधी ही गोव्याची व्हिस्की पाजतो. मला या पेयाची गोडी हिनेच लावली. पहिल्या घोटात मध, मग कॉफी, आणि गिळून झाल्यावर मागे रेंगाळणारा हलका धूर!

धूर येतो पीटमुळे, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या जळणामुळे. पीटच्या धुरावर वाळवलेल्या बार्लीचं थोडं मद्य यात मिसळतात, बाकीचं बिनधुराचं. बार्ली भारतीय, सहा रांगांच्या कणसाची. तांब्याच्या भट्टीत दोनदा ऊर्ध्वपातन.

खरी कमाल मात्र हवेची. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातलं वर्षाला साधारण 2 टक्के मद्य उडून जातं. गोव्याच्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट. नुकसान मोठं, पण उष्णतेमुळे मद्य ओक लाकडाचा स्वाद झपाट्याने ओढून घेतं. म्हणून बाटलीवरच्या वयावरून आपल्याकडची व्हिस्की जोखू नये, असं माझं ठाम मत आहे.

पॉल जॉन सिंगल माल्ट 2012 साली आधी ब्रिटनमध्ये विकायला आली. एडिटेडमध्ये मद्यार्क 46 टक्के. बर्फ नको, चमचाभर साधं पाणी घाला. कॉफीचा वास लगेच वर येतो.