जगभरातला डिव्हिडंड, आणि त्यातला हातात पडणारा

‘साऱ्या जगाचा एकच इंडेक्स फंड घ्यायचा, युनिट कधी विकायचं नाही आणि नुसत्या डिव्हिडंडवर निवांत जगायचं.’ निवृत्तीची आखणी करणाऱ्यांच्या गप्पांत हे वाक्य हल्ली हमखास येतं. एकच फंड घेण्यात वावगं काही नाही. गडबड आहे ती ‘निवांत’मध्ये.

उदाहरणाला व्हॅनगार्डचा टोटल वर्ल्ड स्टॉक ईटीएफ घेऊ. बाजारात त्याला ‘व्हीटी’ म्हणतात. २००८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या फंडात जगभरच्या नऊ हजारांहून अधिक कंपन्या आहेत, आणि निम्म्याहून जास्त पैसा अमेरिकी कंपन्यांत आहे. भारतात राहणाऱ्यांना रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली तो घेता येतो.

मुदत ठेवीची सवय असलेल्यांचा पहिला समज म्हणजे मुद्दल जागच्या जागी राहतं आणि डिव्हिडंड वर मिळतो. प्रत्यक्षात युनिटचा भाव १२० डॉलर असेल आणि फंडाने ५० सेंट वाटले, तर एक्स-डिव्हिडंडच्या दिवशी भाव तेवढाच उतरतो. बाजाराच्या रोजच्या चढउतारात ते डोळ्यांत भरत नाही, इतकंच. पैसे तुमचेच, एका खिशातून दुसऱ्या खिशात आलेले. म्हणून ‘डिव्हिडंड खातो, मुद्दलाला हात लावत नाही’ या अभिमानात फारसा अर्थ नाही.

‘वर्षाला डिव्हिडंड जेमतेम दोन टक्के? मग फंड कसला चांगला?’ असंही विचारलं जातं. अमेरिकी कंपन्या नफ्याचा मोठा हिस्सा स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यावर खर्च करतात. १९८२ मध्ये तिथल्या बाजार नियामकाने अशा खरेदीला नियमांची चौकट दिली, त्यानंतर ही प्रथा फोफावली. बर्कशायर हॅथवेने तर १९६७ नंतर डिव्हिडंड दिलेलाच नाही, आणि अल्फाबेट व मेटा यांनी तो द्यायला सुरुवात केली ती २०२४ मध्ये. नफा भागधारकाला मिळतोच, फक्त भावाच्या रूपाने. नुसता डिव्हिडंडचा टक्का बघून फंड निवडला, तर या कंपन्यांची कमाई हिशेबातच येत नाही.

दर तिमाहीला सारखी रक्कम येईल, हीही आशा धरू नये. युरोपातल्या अनेक कंपन्या वर्षातून एकदाच, वसंतातल्या वार्षिक सभेनंतर डिव्हिडंड देतात. बऱ्याच जपानी कंपन्यांचं वर्ष मार्चअखेर संपतं आणि पैसे जूनच्या सुमारास सुटतात. त्यामुळे जगभराच्या फंडाची मार्चची रक्कम बारीक आणि जूनची भरघोस, असं सहसा दिसतं. घरखर्च मात्र दर महिन्याला सारखाच असतो.

‘इतके देश असल्यावर सगळीकडे एकदम थोडंच आटेल?’ २०२० मध्ये तेच झालं. मार्चअखेर युरोपियन सेंट्रल बँकेने बँकांना डिव्हिडंड थांबवायला सांगितलं. पाठोपाठ ब्रिटिश नियामकाच्या सांगण्यावरून एचएसबीसीने आधी जाहीर केलेलाही रद्द केला. त्यावर विसंबलेले हाँगकाँगचे छोटे भागधारक खवळले. एप्रिलअखेर शेलने तिमाही डिव्हिडंड ४७ सेंटवरून १६ सेंटवर आणला. दुसऱ्या महायुद्धानंतरची तिची ती पहिली कपात. व्हीटीचं त्या वर्षाचं वाटपही २०१९ पेक्षा कमी निघालं. गंमत म्हणजे वर्षअखेर फंडाचा भाव वर्षारंभापेक्षा वर होता. युनिट न विकण्याचा पण केलेल्याच्या हाती कमी पैसे आले, ते संपत्ती वाढलेल्या वर्षात.

सगळ्यात महाग पडतो तो कराबद्दलचा गैरसमज: ‘अमेरिकेत कर कापला गेला, विषय संपला.’ १०० डॉलर डिव्हिडंडचा हिशेब मांडू. डब्ल्यू-८बेन फॉर्म भरलेला असेल तर भारत-अमेरिका करारानुसार तिथे २५ डॉलर कापले जातात. नसेल तर ३०. इथे ते पूर्ण १०० डॉलर उत्पन्नात धरायचे. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससह कर ३१.२० डॉलर होतो. त्यातून कापलेले २५ वजा करून उरलेले ६.२० भरायचे. पण ही वजावट आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो. १९६१ च्या आयकर कायद्याखाली तो फॉर्म ६७.

आता ज्याला भारतात करच लागत नाही असा निवृत्त माणूस घ्या. इथला कर शून्य, म्हणून वजावटही शून्य. अमेरिकेत गेलेले २५ डॉलर गेलेच. म्हणजे डिव्हिडंडवर जगण्याचा सल्ला ज्याला हमखास दिला जातो, त्याच्याच बाबतीत तो सर्वांत तोट्याचा ठरतो. शिवाय व्हीटीत रिलायन्सही आहे. तिचा डिव्हिडंड मुंबईहून निघताना परदेशी गुंतवणूकदार म्हणून फंडाचा कर कापला जातो, अमेरिकेतून ठाण्यातल्या गुंतवणूकदाराकडे परत येताना पुन्हा २५ टक्के, आणि तो करपात्र असेल तर पोचल्यावर परत आयकर!

यावर आयर्लंडमध्ये नोंदलेले ‘अ‍ॅक्युम्युलेटिंग’ फंड सुचवले जातात. ते डिव्हिडंड वाटत नाहीत, फंडातच पुन्हा गुंतवतात. ‘म्हणजे डिव्हिडंडवर कर नाहीच,’ हे मात्र खरं नाही. अमेरिकी कंपन्यांच्या डिव्हिडंडवर आयरिश फंडाला १५ टक्के कर लागतो. तो फंडाच्या आतच जातो, त्यामुळे खात्याच्या उताऱ्यात दिसत नाही आणि भारतात त्याची वजावटही मिळत नाही. तरी १५ हे २५ पेक्षा कमीच. युनिट विकेपर्यंत तुमच्या नावावर डिव्हिडंडचं उत्पन्न येत नाही, विकल्यावर भांडवली नफ्याचा हिशेब होतो. शिवाय ६०,००० डॉलरच्या वरच्या अमेरिकी मालमत्तेवर परकीयांच्या वारसांना लागू शकणारा तिथला इस्टेट टॅक्स आयरिश फंडाच्या युनिटना लागत नाही. माझं मत विचाराल, तर निवृत्ताने असा फंड घ्यावा आणि गरजेपुरती युनिट विकावीत.

फक्त डिव्हिडंड आला नाही म्हणून विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता, म्हणजे शेड्यूल एफए, कोरा ठेवू नये. सर्वसाधारण निवासी असलेल्याने तो भरायचाच असतो, मग उत्पन्न एक पैही नसो. आणि त्यातला हिशेब आर्थिक वर्षाचा नाही, जानेवारी ते डिसेंबरचा द्यायचा असतो.