शिकलेली भाषा का विसरते? : संगारव सुत्ताच्या आधारे एक विचार

परकी भाषा शिकणे ही एक गोष्ट आणि ती टिकविणे ही दुसरी गोष्ट होय. पदवीसाठी परिश्रमपूर्वक शिकलेली भाषा चार-दोन वर्षांत विस्मृतीत जाते, आणि बालपणी विहारात नुसती कानांवर पडलेली गाथा मात्र आयुष्यभर मुखोद्गत राहते. याचे कारण जन्मजात बुद्धीत शोधण्याची आपल्या समाजाला जुनी खोड आहे. पाली साहित्यात या प्रश्नाचे निराळे उत्तर आढळते.

संयुत्त निकायातील बोज्झंग संयुत्तात संगारव नावाच्या ब्राह्मणाने तथागतांना नेमके हेच विचारले आहे. दीर्घकाळ पाठ केलेले मंत्र कधी आठवत नाहीत आणि पाठ न केलेलेही कधी सहज आठवतात, हे कसे? तथागतांनी उत्तरात जात वा कुळ आणले नाही. त्यांनी पाच नीवरणे सांगितली आणि प्रत्येकाला पाण्याच्या भांड्याची उपमा दिली. कामच्छंद म्हणजे रंग मिसळलेले पाणी, व्यापाद म्हणजे उकळणारे पाणी, थीनमिद्ध म्हणजे शेवाळाने झाकलेले पाणी, उद्धच्च-कुक्कुच्च म्हणजे वाऱ्याने हेलकावणारे पाणी आणि विचिकिच्छा म्हणजे अंधारात ठेवलेले गढूळ पाणी. अशा पाण्यात माणसाला स्वतःचा चेहरा दिसत नाही. त्याचप्रमाणे नीवरणांनी ग्रासलेल्या चित्ताला शिकलेले स्मरत नाही.

विद्यापीठात पालीसोबत जर्मन शिकताना याचा प्रत्यय मला आला. परीक्षेच्या चिंतेत घोकलेली शब्दरूपे परीक्षेबरोबरच गेली. जर्मन विद्वानांचे पालीविषयक लेख रोज पानभर, निवांतपणे वाचू लागल्यावर जे शब्द भेटले, ते आजही सोबत आहेत.

नंदुरबार जिल्ह्यातील काठी हे अक्कलकुवा तालुक्यातील, सातपुड्याच्या कुशीतले गाव राजवाडी होळीमुळे सर्वपरिचित आहे. येथील आदिवासी मुलाच्या घरात भिली बोली नांदते. ज्या मराठीला आपण मातृभाषा म्हणतो, ती त्याला पाठ्यपुस्तकातून प्रथम भेटते. तिथल्या मुक्कामात एक गोष्ट लक्षात आली. बाजारात गुजराती व मराठी शब्द बिनदिक्कत वापरणारे मूल पुस्तक उघडताच मूक होते. त्याची स्मृती दुबळी नाही. ‘चुकलो तर हसतील’ या भयाने पाणी हेलकावते आणि ‘आपल्याला हे जमणारच नाही’ या शंकेने ते गढूळ होते. चुल्लवग्गात तथागतांनी बुद्धवचन छंदस् भाषेत बांधण्यास नकार दिला आणि ते ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्याची अनुज्ञा दिली. अट्ठकथाकार तिचा अर्थ मागधी असा घेतात. अनेक आधुनिक अभ्यासक मात्र ‘शिकणाऱ्याची स्वतःची भाषा’ असा घेतात. हा दुसरा अर्थ स्वीकारला, तर काठीच्या मुलाची बोली हा अडसर न ठरता पुढच्या भाषेची पहिली पायरी ठरते.

भाषेवर जन्माचा पहारा बसविण्याचा अनुभव आपल्या समाजाने घेतला आहे. प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वप्रयत्नाने आत्मसात केले. १९२१ मध्ये बॉन विद्यापीठाकडे त्यांनी जर्मन भाषेतून अर्ज केला. त्यांनी सिद्ध केलेले पाली व्याकरण व शब्दकोश महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये त्यांच्या समग्र लेखनाच्या १६ व्या खंडात प्रसिद्ध केले. जे दार बंद केले गेले, ते नित्य अभ्यासाने उघडता येते, याचे याहून ठळक उदाहरण नाही.

या अभ्यासाचा क्रमही निकायांत बहुश्रुताच्या वर्णनात आला आहे. प्रथम पुष्कळ ऐकणे (सुत), मग धारण करणे (धत), वाणीने परिचित करणे (वचसा परिचित), मनाने चिंतन करणे (मनसानुपेक्खित) आणि शेवटी अर्थाचा वेध घेणे (दिट्ठिया सुप्पटिविद्ध). आजचा विद्यार्थी बहुधा दुसऱ्या पायरीवर थांबतो. शब्द पाठ करतो, पण मोठ्याने उच्चारीत नाही. त्रिपिटक लेखनबद्ध होईपर्यंत भाणकांच्या परंपरेने ते मुखाने जपले. सज्झाय म्हणजे मोठ्याने व वारंवार केलेले पठण, हेच त्यांचे साधन होते.

म्हणून शिकलेली भाषा टिकवू इच्छिणाऱ्याने रोज अर्धा तास मोठ्याने वाचावे, अर्थ समजून घ्यावा आणि दुसऱ्याशी बोलावे. विहारातील पाली वर्गांतही आधी ऐकणे व म्हणणे असावे, व्याकरण त्यानंतर यावे. चुकणाऱ्यास कोणी हसू नये. भांड्यातील पाणी स्थिर ठेवणे हे शिकणाऱ्याचे जितके, तितकेच शिकविणाऱ्याचेही कर्तव्य आहे.