सारथ्यावांचून रथ

परभणी जिल्ह्यांत देवगांव फाट्यावर मंठ्याकडून येणाऱ्या रस्त्याला सेलूची वाट फुटते. अशा कोणत्याहि फाट्यावर घटकाभर उभें राहिल्यास सामायिक वाहन म्हणजे काय, हें पुस्तकावांचून कळतें. जीप भरल्याखेरीज हालत नाहीं. एकाच्या इंधनांत दहा माणसें जातात. आणि चालक केवळ चक्र फिरवीत नाहीं, तर म्हातारीचें गांठोडें उचलतो, सुटे पैसे देतो, कोणास कोठें उतरावयाचें हें ध्यानांत ठेवतो.

शहरांच्या गजबजलेल्या मध्यभागासाठीं विजेवर चालणारी, सामायिक आणि आपली वाट आपणच काढणारी गाडी घडविण्याचा उद्योग सध्यां जगांत चालूं आहे. अमेरिकेंतील फीनिक्स शहरीं २०२० पासून चालक नसलेली मोटार भाड्यानें मिळते. कल्पना वाईट नाहीं. खासगी मोटार दिवसाचा बहुतेक वेळ जागा अडवून उभी असते. तीच अनेकांच्या उपयोगी पडली तर रस्ते मोकळे होतील. विजेची गाडी खोळंब्यांत उभी असतां तिचें यंत्र फुकट धडधडत नाहीं, आणि वेग आवरतांना कांहीं शक्ति ती विजेच्या रूपानें परत सांठविते. परंतु हीच गाडी गिऱ्हाईक शोधीत रिकामी हिंडूं लागली, तर धूर नसला तरी गर्दी तीच! या बाबतींत फाट्यावरची जीप अधिक शहाणी, असें आम्हांस वाटतें.

माणसांच्या हातूनहि रोज अपघात होतात, हें खरें. तरी ऑक्टोबर २०२३ मधील सॅन फ्रान्सिस्कोची घटना विसरण्याजोगी नाहीं. दुसऱ्या मोटारीच्या धक्क्यानें एक पादचारी स्त्री अशा चालकरहित गाडीपुढें फेंकली गेली. गाडी थांबली, पण स्त्री खालीं अडकली आहे हें तिला उमगलें नाहीं, आणि कडेला उभें राहण्याच्या आपल्या नियमाप्रमाणें तिनें त्या स्त्रीला सुमारें २० फूट फरफटत नेलें. चालक असता, तर निदान किंकाळी ऐकून खालीं उतरला असता.

आपल्याकडील जवळचें उदाहरण माथेरानचें. तेथें मोटारींस बंदी. त्यामुळें दस्तुरी नाक्यापासून पुढें पायीं, घोड्यावर किंवा माणसानें ओढलेल्या रिक्षांतून जाण्याची रीत पडली. तांबड्या मातीच्या चढावर दुसऱ्या माणसाचा भार ओढणारे असे ९४ परवानाधारक होते. सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीनें डिसेंबर २०२२ मध्यें तेथें विजेच्या रिक्षा प्रयोगादाखल सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्यें न्यायालयानें हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, आणि गुजराथेंतील केवडियाच्या धर्तीवर शासनानें विजेच्या रिक्षा घेऊन त्या ओढणाऱ्यांस भाड्यानें द्याव्या, असें सांगितलें. कष्ट जावे पण भाकरी राहावी, अशी ही तजवीज. आणि ती सुचूं शकली, कारण विजेच्या रिक्षेला चालकाचें आसन असतें.

शहरासाठीं नवी गाडी आंखणाऱ्यांनीं तें आसन एकदम काढून टाकूं नये. चक्र हातीं नसलें तरी चालेल, पण त्यावर कोणी सेवक बसावा. एकत्र कुटुंबांतून सकाळीं शाळेचीं मुलें, कचेरीचीं माणसें नि देवदर्शनास निघालेल्या आजीबाई एकाच वेळीं बाहेर पडतात. त्यांच्यासाठीं पायरी वीतभर उंचीचीच हवी, धरावयास दांडी हवी, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत धुळीनें माखलेला त्या गाडीचा कॅमेऱ्याचा डोळा पुसावयासहि कोणीतरी हवाच.